गटेचं 'तोर्क्वातो तास्सो' मराठी अभिवाचनासाठी : छंद, काटछाट आणि 'डू'चा घोळ

अर्धविराम

गटेच्या 'तोर्क्वातो तास्सो'चं मराठी अभिवाचन करायचं घाटतंय. मध्यंतर नाही, वेळ शंभर मिनिटं, वाचणारे पाच, म्हणजे नाटकात पात्रं आहेत तेवढेच : इटलीतल्या फेराराचा ड्यूक आल्फोन्स, त्याच्या दरबारचा कवी तास्सो, सचिव अंतोनियो, राजकन्या आणि तिची मैत्रीण सानविताले. मूळ जर्मन संहिता समोर आहे. पहिल्या अंकाचा कच्चा खर्डा गद्यात झालाय. अर्थ सगळा उतरलाय, पण मोठ्याने वाचलं की सरकारी पत्रव्यवहार वाचल्यासारखं वाटतं. अडलेल्या जागा सांगतो.

मूळ सगळं निर्यमक पद्य आहे, ओळीत पाच आघात. मराठीत काय घ्यावं? मुक्तछंद, अक्षरछंद, की गद्यच ठेवून लय सांभाळावी?

साडेतीन हजार ओळींतून शंभर मिनिटं कशी काढायची? तिसऱ्या अंकात तास्सो एकदाही येत नाही. तो अख्खा अंक गाळला तर काय बिघडेल?

नाटकात सगळे एकमेकांना 'डू', म्हणजे जर्मनमधलं 'तू', म्हणतात. कवी ड्यूकला, सचिव राजकन्येला, सगळे सगळ्यांना. मराठीत कवीने ड्यूकला सरळ 'तू' म्हटलं तर लोक हसतील, आणि 'आपण आपण' केलं तर दरबारी पोशाखी नाटक होईल.

दोन्ही बायकांचं नाव लेओनोरे. नुसतं ऐकणाऱ्याचा गोंधळ होणार. एकीचं बदलावं का?

आणि शेवट. खलाशी ज्या खडकावर फुटणार त्यालाच मिठी मारतो. म्हणजे तास्सो वाचला की बुडाला? वाचणाऱ्याने कुठल्या सुरात थांबायचं?

तिसरी घंटा

आधी हिशेब. नाटक 3,453 ओळींचं. स्वच्छ, न धावता वाचलं तर जर्मन ओळीला चार सेकंद लागतात, म्हणजे अख्खं नाटक पावणेचार तासांच्या पुढे. मराठी ओळ थोडी लांब होणारच, तेव्हा मिनिटाला 14 ओळी धरा. शंभर मिनिटांत 1,400 ओळी. निम्म्याहून जास्त जाणार हे एकदा मान्य केलं की हात चालतो. ढोबळ वाटणी : पहिल्या अंकाला 330, दुसऱ्याला 400, तिसऱ्याला 200, चौथ्याला 170, पाचव्याला 300.

तिसरा अंक गाळू नका. सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच आहे. घडतं काय ते बघा. दुसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात तास्सो हात पुढे करून मैत्री मागतो, अंतोनियो तो हात धरत नाही, शब्दाला शब्द वाढतो आणि तास्सो तलवार उपसतो. इथपर्यंत श्रोत्यांना अंतोनियो म्हणजे खडूस, मत्सरी कारभारी वाटतो. त्याची बाजू उघडते ती तिसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात, लेओनोरे सानविताले समोर. तिथे तो कबूल करतो की दोन गोष्टी अशा आहेत ज्या माणूस कितीही लायक असलेल्यालाही राजीखुशीने वाटून देत नाही : विजयाचा मुकुट आणि बायकांची मर्जी. दिवसभर काम करून दमून घरी आलेल्या माणसाला सावलीतली जागा कुणी तरी आधीच बळकावलेली दिसावी, असा तो राग आहे. हे गेलं की अंतोनियो खलनायक होतो, आणि अंतोनियो खलनायक झाला की शेवटच्या प्रवेशात तास्सो त्याच्या गळ्यात का पडतो ते कुणालाच कळत नाही.

त्याच अंकातला दुसरा प्रवेश (राजकन्या आणि सानविताले) निदान सत्तर ओळींचा ठेवा. 'हे दोघे वैरी आहेत, कारण निसर्गाने दोघांचा मिळून एक माणूस घडवला नाही' हे वाक्य तिथलं. तिसऱ्या प्रवेशातलं सानवितालेचं स्वगत पंधरा-वीस ओळींत आटोपतं. पेत्रार्का या कवीच्या लाउरासारखं आपलंही नाव कवितेत अजरामर व्हावं, म्हणून तिला तास्सो फ्लोरेन्सला न्यायचा आहे. एवढं कळलं की पुरे.

कात्री कुठे चालवायची? पहिल्या अंकाच्या पहिल्या प्रवेशातली फेराराच्या घराण्याची स्तुती, त्याच अंकाच्या चौथ्या प्रवेशातलं रोमचं राजकारण (पोप तेरावा ग्रेगरी कसा आहे याच्या सहा ओळी बास), आणि चौथ्या अंकातली स्वगतं. त्या अंकात तास्सोची तीन स्वगतं आहेत : पहिला, तिसरा आणि पाचवा प्रवेश. तिन्ही ठेवली तर वाचणारा आणि ऐकणारा दोघेही दमतात. पाचव्यातलं ठेवा. राजकन्यासुद्धा आपल्यावर उलटली, असा निष्कर्ष तो तिथे काढतो आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पण पहिल्या अंकातली अंतोनियोने केलेली आरिओस्तोची स्तुती कापाल तर नाटकाचा खिळाच निघेल. ती वरवर निव्वळ काव्यचर्चा वाटते. प्रत्यक्षात समोर तास्सो नुकताच मुकुट घालून उभा आहे, अंतोनियो आधी 'बक्षीस देताना आल्फोन्सला माप राहत नाही हे मला जुनंच ठाऊक आहे' असं म्हणतो, आणि मग आरिओस्तोच्या पुतळ्यावरच्या फुलांकडे बघून त्या मेलेल्या कवीचं तोंड भरून कौतुक करतो. तास्सोबद्दल वाईट एक शब्द नाही. अपमान इतका सभ्यपणे केलाय की तक्रार करायलाही जागा नाही. चाळीसेक ओळी आहेत, पंचवीस तरी राहू द्या.

आणि पाचव्या अंकाच्या सुरुवातीला अंतोनियो ड्यूकला तास्सोच्या खाण्यापिण्याची तक्रार सांगतो : गोड, मसालेदार, कडक दारू, पाणी मिसळायला तयार नाही, पथ्य पाळत नाही, वर औषध कडू लागतं म्हणून कुरकुर. वाचणाऱ्याने हसवायचा प्रयत्न केला नाही तर इथे हशा हमखास येतो. शेवटच्या कोसळण्याआधी तो हवा आहे.

एक व्यवहाराची बाब. सहावा आवाज घ्या, रंगसूचनांसाठी. सगळ्या वाचू नका, फक्त चार : मुकुट घालणं (पहिला अंक, तिसरा प्रवेश), तलवार उपसणं, राजकन्येला मिठी, आणि शेवटी अंतोनियोने तास्सोचा हात धरणं. या चारांखेरीज नाटकात अंगाने घडणारं फारसं काही नाहीच.

यतिभंग

छंदाबद्दल. मूळचा साचा 'ब्लांकफेर्स' : दहा किंवा अकरा अक्षरं, एक हलकं एक जड असे पाच ठोके, यमक नाही. जर्मन शब्दात आघाताची जागा ठरलेली असते म्हणून हे जमतं. मराठीत तसा आघात नाही, त्यामुळे 'पाच ठोके' उतरवायचा हट्ट धरलात तर वाचणारे ठोके देत बसतील आणि अर्थ बाजूला राहील.

गणवृत्तं नकोत. शार्दूलविक्रीडितात तास्सो बोलायला लागला की संगीत नाटकाचा पडदा आपोआप वर जातो. मुक्तछंदाचा धोका उलटा आहे. तिथे ओळ चार अक्षरांचीही होते आणि बावीसचीही, भावना वाढली की ओळ सैल सुटते. या नाटकात तसं होऊन चालत नाही. तास्सोचं डोकं फिरतं तेव्हाही गटेची ओळ जागची हलत नाही. पाचव्या अंकात जहाज फुटतं, पद्य फुटत नाही. 'बाकीचे मुके होतात, मला सांगता येतं' हा त्याचा दावा त्या न फुटणाऱ्या ओळीमुळेच खरा ठरतो.

म्हणून मधला रस्ता : 14 ते 16 अक्षरांची ओळ, यमक नाही, यती ठरावीक जागी नाही. वाक्य ओळीच्या शेवटी संपलंच पाहिजे असं नाही, उलट तीनातली एक ओळ तरी पुढच्या ओळीत वाहू द्या. मराठीत निर्यमक पद्याची सवय अगदीच नाही असं नाही, सावरकरांचं वैनायक वृत्त निर्यमकच आहे. पण त्याचा आवेश वीररसाचा, नाटक जिथे घडतं त्या बेलरिग्वार्दोच्या बागेत तो चालायचा नाही.

विंदांचा 'फाउस्ट' कुणी तरी सुचवेलच. जरूर वाचा, पण छंदाचा नमुना म्हणून इथे उपयोग नाही. 'फाउस्ट'चं मूळच बहुछंदी आणि बरंचसं सयमक आहे. 'तास्सो' पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत एका सुरात आहे, आणि तो एकसूर हेच त्याचं अवघड काम. याचं पहिलं रूप 1780–81 मध्ये गद्यात लिहिलं होतं, दोन अंक झाले होते. ते टिकलं नाही. इटलीत 1788 साली पुन्हा हातात घेतलं तेव्हा सगळं पद्यात आणलं, 1789 मध्ये संपवलं आणि 1790 मध्ये छापलं. तेव्हा तुमचा गद्य खर्डा सपाट वाटला याचं वाईट वाटून घेऊ नका, खुद्द लेखकालाही गद्य पुरलं नव्हतं.

'डू'चं. मी शिडी लावीन. ड्यूक तास्सोला 'तू', तास्सो ड्यूकला 'आपण'. दोघी मैत्रिणी एकमेकींना 'तू'. तास्सो आणि अंतोनियो परस्परांना 'तुम्ही'. तास्सो राजकन्येला 'आपण'. आता दोन जागा उघड्या पडतात. दुसऱ्या अंकात तास्सो मैत्री मागताना अंतोनियोला 'तू' म्हणून बघतो आणि अंतोनियो थंडपणे 'तुम्ही'वरच राहतो. तलवार निघायच्या आधीच भांडण ऐकू येतं. आणि पाचव्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात, मिठीच्या दोन ओळी आधी, 'आपण'चं 'तू' होतं. मराठीकडे हे हत्यार आहे, जर्मनला ते या नाटकात वापरता आलं नाही. आपण का सोडायचं?

तळटीप

वर 'यतिभंग' यांनी सुचवलेली शिडी ऐकायला झकास आहे, पण मला ती पटत नाही. पद्यनाटकातला 'डू' सलगीचा नाही, तो उंच भाषेचा आहे. विठ्ठलाला आपण 'तू' म्हणतो ते मान कमी म्हणून नाही. गटेने सगळ्यांना एकाच पातळीवर बोलायला लावलंय : या बागेत, या एका दिवसात, कवी आणि ड्यूक बरोबरीचे आहेत असं भासतं. तास्सो त्या भासाला बळी पडतो. तुम्ही 'आपण–तू' अशी पायरी बांधलीत की तो पायरी ओलांडताना सगळ्यांना दिसतो. मूळात त्याला पायरी दिसतच नाही. आणि दुसरं, मिठीच्या दोन ओळी आधी 'तू' आलं की श्रोते सावध होतात. ती मिठी कुणालाही, राजकन्येला तर नाहीच, आधी कळता कामा नये. ती अजून मायेने बोलत असते.

माझा पर्याय : सगळीकडे 'तू', पण संबोधनं भरपूर. 'राजकन्ये, तुझ्यामागे अडखळत येती पाउले' यात 'तू' खटकत नाही, कारण 'राजकन्ये'ने मान आधीच दिलाय. संबोधन ओळीच्या सुरुवातीला किंवा पहिल्या यतीपाशी ठेवा. शेवटी टाकलं की ते चिकटवल्यासारखं वाटतं. आणि खटकलंच तर ते पहिली पाच मिनिटं. शेक्सपिअरच्या भाषांतरात राजाला 'तू' म्हटलेलं मराठी श्रोत्यांनी ऐकलेलं आहे.

दुसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश दोन्ही तऱ्हांनी वीस-वीस ओळी करून मोठ्याने वाचा. कागदावर हा वाद मिटणार नाही.

नावांचं मात्र नक्की सांगते : बदलू नका. पहिल्याच प्रवेशात राजकन्या म्हणते की तास्सो ज्या बाईची स्तुती गातो तिला तो 'लेओनोरे' म्हणतो. त्यावर सानविताले उत्तर देते, ते तुझंही नाव आहे आणि माझंही, आणि तुझ्याबद्दलची भावना त्याला या दुहेरी अर्थात लपवता येते याचा मला आनंदच आहे. एकीचं नाव बदललंत तर हा सगळा आडोसा कोसळतो. मूळ संहितेतही बोलणाऱ्याच्या नावाच्या जागी एकीला 'राजकन्या' आणि दुसरीला 'लेओनोरे' असंच छापलंय. तुम्हीही संवादात एकीला 'राजकन्ये' आणि दुसरीला 'सानविताले' म्हणा. दोन आवाज मुळातच वेगळ्या पट्टीचे निवडलेत तर गोंधळ पाच मिनिटांत संपेल.

'सचिव' या शब्दावर थोडं. अंतोनियो परराष्ट्राचं काम करून रोमहून आलाय, म्हणून 'सुमंत' म्हणायचा मोह होतो. नका करू. अष्टप्रधानांतला एक शब्द आला की बाकीचे सात मागून येतात आणि फेरारा रायगडावर जाऊन बसतं. 'राज्यसचिव' ठीक आहे. 'ड्यूक'ही ड्यूकच राहू द्या.

दुसऱ्या अंकातली सुवर्णयुगाची झटापट नीट ऐकू आली पाहिजे. तास्सो : 'एर्लाउब्ट इस्ट, वास गेफेल्ट'. राजकन्या एकच शब्द बदलून परत करते : 'एर्लाउब्ट इस्ट, वास झिश त्सीम्ट'. मराठीत 'रुचेल तेच रास्त' आणि 'शोभेल तेच रास्त'. तीन अक्षरांना तीन अक्षरं. 'योग्य असेल ते' असं काही लिहू नका, 'त्सीमेन'ला 'शोभणं' हाच शब्द आहे. खरा तास्सो 'आमिंता'त पहिली ओळ लिहून गेला होता आणि ग्वारिनीने 'पास्तोर फिदो'त ती उलटवली होती. गटेने दोन कवींचा वाद दोन पात्रांच्या तोंडी दिलाय.

अजून एक जागा, जी दोन अंकांच्या अंतरामुळे निसटते. तिसऱ्या अंकात राजकन्या आपल्या आजारपणाची हकीगत सांगते. दुखण्यात गाणं एवढाच विरंगुळा होता, तोही वैद्याने बंद केला. तिथे शब्द आहे 'फेरश्टुमेन', मुकं होणं : वैद्याच्या हुकमाने तिला मुकं व्हावं लागलं. नाटकाच्या शेवटी तास्सो म्हणतो, माणूस यातनेत 'फेरश्टुम्ट'. तोच शब्द. म्हणजे त्या ओळीतला 'माणूस' कोण, तर ती, जिला गाता आलं नाही. दोन्हीकडे 'मुकं होणं' हेच ठेवा. एकीकडे 'गप्प' आणि दुसरीकडे 'नि:शब्द' केलंत की तार तुटली.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. तिसरा अंक राहील, नावं राहतील. 'डू'चे दोन्ही नमुने करून बघतो. छंदासाठी शेवटच्या प्रसिद्ध दोन ओळींवर हात चालवला :

अन् यातनेत माणूस मुका होतो जिथे, तिथे
मज दिले कुण्या देवें सांगणे, सोसतो कसा.

दोन्ही ओळी 16 अक्षरी, आठावर यती. चालेल का? आणि पहिल्या अंकातल्या 'लोर्बेअर'ला काय म्हणू? सध्या 'तमालपत्रांचा मुकुट' लिहिलंय.

यतिभंग

दोन ओळी म्हणून बऱ्या आहेत. पण याच मापाच्या पन्नास ओळी सलग वाचा. आठ-आठ म्हणजे अनुष्टुभाचा सांगाडा, दहाव्या ओळीला रामरक्षेची चाल लागणार आणि वाचणाऱ्याची मान डुलायला लागणार. शिवाय 'देवें', 'मज' ही जुनी रूपं फक्त मात्रा भरायला आली आहेत, ते कानाला कळतं. यती हलवा, भाषा बोलती ठेवा :

यातनेत माणूस जिथे मुका, तिथे मला
कुण्या देवाने दिलं सांगणं, मी कसा सोसतो.

पहिली 15, दुसरी 16. थांबा एकीकडे अकराव्या अक्षरावर, दुसरीकडे दहाव्यावर. 'कुण्या' हवंच, कारण मूळात 'आइन गोट' आहे, कुणी एक देव. 'देवाने' एवढंच लिहिलंत तर ती प्रार्थना होते.

'कसा' बरोबर घेतलात. नाटकात 'वी इश लाइडं' आहे, म्हणजे कसा सोसतो. तेहेतीस-चौतीस वर्षांनी, 1823 मध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी गटेने 'मारिएनबाडच्या शोकगीता'वर हीच ओळ बोधवाक्य म्हणून घातली, तेव्हा 'वी'चं 'वास' झालं : काय सोसतो. अवतरणांत हे दोन पाठ सतत एकमेकांत मिसळतात. संहिता आंतरजालावरून उचलली असेल तर एवढा शब्द तपासून घ्या.

तळटीप

हरकत नाही, हे माझ्या कानालाही बसतंय. फक्त पहिल्या ओळीत 'मुका'च्या जागी 'मुकं' येऊ शकेल असं वाक्य जमलं तर बघा, कारण तिसऱ्या अंकात ते बाईच्या तोंडी आहे. निदान धातू एक राहील.

पानगळ

तमालपत्र अजिबात नको! 'लोर्बेअर' म्हणजे लॉरेल, भूमध्य समुद्राकाठचं झाड. आपलं तमालपत्र दालचिनीच्या जातकुळीतलं. कूळ एकच, झाड वेगळं. हातात पान घेऊन बघा : तमालपत्राला देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा असतात, लॉरेलला मधली एकच आणि तिला दोन्ही बाजूंनी फुटलेल्या बारीक शिरा. पण खरी अडचण वनस्पतिशास्त्राची नाहीच. 'तमालपत्रांचा मुकुट' म्हटलं की श्रोत्यांच्या नाकात पुलाव येतो. 'लॉरेलचा मुकुट' म्हणा, लोकांना कळतं.

वस्तू प्रत्यक्ष ठेवणार असाल तर कण्हेरीची पानं दिसायला जवळची आहेत म्हणून वापरू नका, कण्हेर विषारी असते आणि मुकुट कपाळाला घासतो, हातातून हातात जातो. आंब्याची पानं घेतलीत तर तोरण दिसेल. हिरव्या कापडाची पानं तारेवर शिवा, मागून उघडा ठेवा, म्हणजे कुठल्याही डोक्याला बसतो. दोन लागतील. राजकन्येने गुंफलेला नाजूक, एकरंगी, तो व्हर्जिलच्या पुतळ्यावर. सानवितालेचा भरगच्च, रंगीबेरंगी फुलांचा, तो आरिओस्तोवर. तास्सोच्या डोक्यावर जातो तो व्हर्जिलचा, आणि दुसऱ्या अंकात तलवारीबरोबर परत जातो तोही तोच.

तिसरी घंटा

लिंबांचा उतारा कुणी काढला नाही ना, म्हणून आठवण. पाचव्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात तास्सो राजकन्येला म्हणतो, तुमचा एखादा दूरचा, क्वचितच वापरातला महाल असेल तर मला तिथला राखणदार करा. मी झाडांची निगा राखीन, शरद ऋतूत लिंबांवर फळ्या आणि कौलं घालीन, बोरू बांधून त्यांना नीट झाकीन. मराठी वाचक इथे अडखळतो, लिंबाच्या झाडाला झाकायचं कशाला? फेरारा पो नदीच्या सखल खोऱ्यात, हिवाळ्यात तिथे दहिवर गोठतं आणि उघडं लिंबू मरतं. टीप द्यायची गरज नाही, 'थंडीआधी' एवढा शब्द ओळीत घाला. काटछाटीत हा उतारा पहिला उडतो, कारण कथानक पुढे सरकत नाही. पण यूरोपभर गाजणार असलेल्या महाकाव्याचा कर्ता इथे माळ्याची नोकरी मागतोय, आणि इथून मिठीपर्यंत अंतर थोडंच उरलंय. हा गेला तर मिठी निव्वळ वेडाचा झटका वाटते. तो आधी वाकत वाकत इतका खाली गेलेला असतो, मग एकदम उसळतो.

तसंच रेशीमकिड्याची ओळ. ड्यूक म्हणतो जरा विश्रांती घे, लिहिणं थांबव. तास्सो म्हणतो, कातता कातता मरणाजवळ जातो म्हणून रेशीमकिड्याला कातायची मनाई करून बघ. चार-पाच ओळी आहेत. त्या हळू वाचा.

मूळप्रत

शेवटाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. आधी एक गैरसमज बाजूला करायला हवा, कारण निवेदनात तो हमखास शिरतो : 'आणि तास्सोला वेड्यांच्या इस्पितळात डांबलं'. नाटकात तसं काहीही नाही. ते इतिहासात आहे. खरा तास्सो 1544 चा, सोर्रेंतोचा. 'जेरुसालेम्मे लिबेराता' 1575 मध्ये संपवलं, 1577 मध्ये राजवाड्यात एका नोकरावर सुरी उगारली, कैदेत पडला, वेष पालटून सोर्रेंतोला बहिणीकडे पळाला, 1579 मध्ये परत आला आणि सांत' आन्ना इस्पितळात 1586 पर्यंत सात वर्षं अडकला. 1595 मध्ये रोममध्ये वारला. तिथल्या कापितोल टेकडीवर त्याला मुकुट घालायचं ठरत होतं, त्याआधीच गेला. राजकन्येवरच्या प्रेमापायी त्याला कोंडलं ही दंतकथा आहे, पण गटेला तीच पसंत पडली. तलवार उपसल्याची शिक्षा नाटकात एवढीच, की स्वतःच्या खोलीत थांबायचं, आणि तीही ड्यूक त्याच अंकात उठवायला सांगतो.

याचा वाचनाशी संबंध असा : पुढची सात वर्षं तुमच्या आवाजात आधीच आली तर शेवट ठरून जातो. गटेने मुखपृष्ठावर 'शोकांतिका' घातलेलं नाही, 'शाउश्पील' घातलंय, नुसतं नाटक.

आता शेवटच्या ओळी. सुकाणू मोडलंय, जहाज चहूबाजूंनी कडकडतंय, पायाखालचा तळ फाटतोय, दोन्ही हातांनी तुला धरतो. आणि मग : असाच खलाशी शेवटी त्या खडकालाच घट्ट धरतो, ज्यावर तो फुटायचा होता. 'शायटर्न झोल्टं' मधला 'झोल्टं' महत्त्वाचा. 'फुटला' नाही, 'फुटणार' नाही, 'फुटायचा होता'. घडणार असलेली, ठरलेली गोष्ट. ती घडली का, हे क्रियापद सांगत नाही, आणि तुम्हीही सांगू नका. 'ज्याने त्याला बुडवलं' असं भाषांतर दिसलं तर खुशाल खोडा. 'नावाडी'ही नको, तो नदी उतरवतो. इथे समुद्र आहे.

सूर विचारलात. वाक्य संपल्यासारखा आवाज खाली आणू नका, आणि टांगल्यासारखा वरही ठेवू नका. 'धरतो' या शब्दावर वजन द्या आणि 'फुटायचा होता' सपाट जाऊ द्या. उलटं केलं, म्हणजे 'फुटायचा' वर जोर दिला, की तास्सो बुडाला असं ऐकू येतं.

अंतोनियोच्या वाचकाचं काम इथे जास्त कठीण आहे, कारण त्याला बोलायचं काहीच नाही. त्याने हात धरल्याची रंगसूचना या भाषणाच्या आधीच येते, नंतर नाही. दुसऱ्या अंकात तास्सोने 'हा माझा हात' म्हणून पुढे केलेला आणि अंतोनियोने न धरलेला तो हात तीन अंकांनी धरला जातो, तोही एक शब्द न बोलता. सहावा आवाज ही सूचना जितकी कोरडी वाचेल तितकं बरं : 'अंतोनियो जवळ जातो आणि त्याचा हात हातात घेतो'. आणि दोन्हीकडे 'हात' हाच शब्द राहू द्या, दुसरीकडे 'कर' करू नका.

अर्धविराम

हे फार कामाचं झालं. शेवटचा एक : सुरुवातीला पार्श्वसंगीत म्हणून संगीतकार लिस्टचं 'तास्सो' वापरावं का?

यतिभंग

लिस्टने ते मुळात याच नाटकाच्या आधी वाजवायला लिहिलं होतं, वायमारमध्ये, 1849 च्या ऑगस्टमध्ये, गटेच्या जन्मशताब्दीला. पण नाव बघा : 'लामेंतो ए त्रिओंफो', विलाप आणि विजय. विलाप व्हेनिसच्या नावाड्यांच्या चालीवर बेतलाय, ज्या चालीत ते तास्सोचं महाकाव्य गायचे. तो सुरुवातीचा संथ भाग दीड-दोन मिनिटं लावा आणि आवाज हळूहळू खाली घ्या. विजयाचे कर्णे वाजू देऊ नका. ते मेल्यानंतरच्या कीर्तीबद्दल आहेत, आणि तुमचं नाटक त्या दिवशीच्या संध्याकाळीच थांबतं.